रावांचं निळं बोट

रावांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक कायम निळं असायचं. नव्या माणसाला वाटे दौत सांडली असेल, नाहीतर दारात चेंगरलं असेल. तसं काही नव्हतं. आमच्या ऑफिसात वरून कुठलाही कागद आला की राव ते बोट जिभेला लावायचे आणि साहेबांच्या सहीच्या शेपटीवरून हळूच फिरवायचे. शाई फरकटली की मान हलवायची. "अहे. खरा कागद अहे." नाही फरकटली, तर त्यावर कितीही शिक्के असोत, कागद बाजूला. "ही अफवा. टाइप केलेली असली म्हणोन काय झालं?"

राव जाऊन आता वर्ष होत आलं. ते बोट काही डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मला लिहिता येतं असं नाही, बोलता येतं. जसं बोलते तसं लिहिते, चालवून घ्या.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हा सातवी झाले होते. पुढचं सगळं इथंच, पोळ्या लाटता लाटता बाहेरून परीक्षा देऊन, आणि माम्बळमच्या एका क्लासात टायपिंग शिकून. सरकारी खात्यात टायपिस्ट म्हणून लागले. खातं कुठलं ते सांगत नाही, नावं ठेवायला मग मी एकटी पुरायची नाही. ऑफिस सैदापेटला, जुन्या दुमजली इमारतीत. पहिल्या दिवशी नेमणुकीचा कागद घेऊन आवक-जावक विभागात गेले, तर समोर पांढरा हाफ शर्ट, कपाळावर गोपीचंदनाची बारीक रेघ, आणि टेबलावर शाईची बाटली. त्यांनी माझ्या कागदावर बोट फिरवलं, नाव वाचलं आणि एकदम म्हणाले, "तुम्ही मराठे? बसा की. कधीं आलांत ह्या गांवास?"

मी हसूच लागले. वाटलं, हा माणूस जुन्या पत्रातून उठून आलाय! रावांचं घराणं तंजावरचं. किती पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेले ते त्यांनाही सांगता येत नसे. आकडे तमिळमध्ये मोजायचे, भांडण तमिळमध्ये, देवाशी आणि बायकोशी मराठी. माझ्या बोलण्याला ते "नवी मराठी" म्हणत. "तुमची नवी मराठी फार घाईंत असते बाई. पोचायचं कुठं तिला?"

आता त्यांचं खरं काम सांगते. हुद्दा कारकुनाचाच. पण अकरा वाजले की मुनियम्मा कॉफीचे टंबलर घेऊन यायची, आणि त्याच वेळी राव उभे राहायचे. हातात त्या दिवशीचं परिपत्रक. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता. इतर ऑफिसांत परिपत्रकाची वही टेबलावरून टेबलावर फिरते, माणसं न वाचता सह्या ठोकतात, संपलं. रावांना ते पटायचं नाही. ते आधी इंग्रजीत वाचायचे, एकेक शब्द मोकळा करून. मग तमिळमध्ये समजावायचे. शेवटी माझ्याकडे बघून मराठीत एक वाक्य: "थोडक्यांत बाई, छत्र्या आंत आणूं नका म्हणताहेत."

आणि मग मुनियम्माची पाळी. ही आमची ऑफिसातली शिपाईण. झाडायचं, फायली पोचवायच्या, कॉफी करायची. अक्षरओळख नव्हती. राव तिला म्हणायचे, "सांग बघू, काय कळलं?" ती ट्रे कमरेला टेकवून सांगायची. दीड पानाचं परिपत्रक ती दोन वाक्यांत काढायची, आणि त्यात एक शेरा तिचा स्वतःचा. एकदा रजेचे नवे नियम आले होते, सात पोटकलमं. मुनियम्मा म्हणाली, "आजारी पडायचं असेल तर आधी विचारून पडायचं, आणि साहेबांनी विचारायची गरज नाही. बरोबर ना सार?" सगळं ऑफिस हसलं. राव हसले नाहीत. "शंभर टक्के बरोबर," म्हणाले, आणि वहीत तिचा अंगठा घेतला. "हिला कळलं म्हणजे अस्की ऑफिसास कळलं." अस्की म्हणजे सगळ्या, हा त्यांचा तंजावरकडचा शब्द.

ती ऑफिसच्या मागच्याच गल्लीत राहायची. नवरा कधीच गेलेला. घरात म्हातारी आई, दोन्ही डोळ्यांनी आंधळी, डावी बाजू वाऱ्याने गेलेली. साडेबाराला मुनियम्मा धावत घरी जायची, आईला चार घास भरवून एकच्या आत परत. म्हातारी दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाही, तोंड मिटून घ्यायची. या अर्ध्या तासाबद्दल कुठल्याच साहेबाने कधी विचारलं नाही. रावांनी एकेकाला आल्या आल्याच सांगून ठेवलेलं असायचं. भरवताना मुनियम्मा आईला सकाळचं परिपत्रक सांगायची, तेही रावांच्या आवाजाची नक्कल करून. म्हातारी विचारायची, "शाई होती का?" हे मुनियम्माच आम्हाला हसत सांगायची.

शाईचं हे वेड कुठून आलं, ते रावांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीला नवे असताना कुणीतरी कमी करायच्या लोकांची यादी म्हणून एक झेरॉक्स ऑफिसात फिरवली. त्यात त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नाव होतं. तो काही न बोलता डबा उचलून घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी त्याची बातमी आली. "छाती," राव म्हणाले. "आणि ती यादी खोटी होती, बाई. कुणाची तरी मस्करी. कुणीं बोट लावून पाहिलं नाही." तेव्हापासून साहेबाने बॉलपेनने सही केली तर ते कागद परत नेऊन द्यायचे, सोबत शाईचं पेन. जुने साहेब हसून सही करायचे. एक म्हणायचे, "राव, खात्याचा मालक मी की तुम्ही?" राव म्हणायचे, "मालक शाई, सार."

मग तो बदल आला. तीन ऑफिसं एकत्र करणार, आमची इमारत रिकामी करणार, सगळं काम संगणकावर नेणार. हे आम्हाला कुणी सांगितलं? कुणीच नाही! चहावाल्याकडून कळलं. वरची मंडळी आठवड्याला बैठका घ्यायची आणि आमच्या मजल्यावर नुसतं दार बंद झाल्याचा आवाज यायचा. कुणी म्हणे निम्मे लोक अंबत्तूरला, कुणी म्हणे पेरुंगुडीच्या काचेच्या इमारतीत, कुणी म्हणे पन्नाशीवरच्यांना घरीच. रोज फोनवर नवी यादी. माणसं बघता बघता बदलली हो. आमचा धनशेखर, जो टेबलावर ताल धरून गाणी म्हणायचा, तो ड्रॉवरमध्ये रक्तदाबाच्या गोळ्या ठेवायला लागला. वीस-वीस वर्षं एका डब्यात जेवलेल्या बायका एकमेकींना विचारेनात, न जाणो हिला काही कळलं असेल आणि ही लपवत असेल. मी तर निवृत्तीला आलेली, मला कसली भीती? तरी मला रात्री दात खायची सवय लागली. मुलगा म्हणायचा, आई, भिंतीपलीकडे ऐकू येतं.

या सगळ्यात अकराची कॉफी तेवढी शाबूत होती. एके दिवशी धनशेखर एक कागद घेऊन आला. जादा ठरलेल्यांची यादी, वर खात्याचं बोधचिन्ह, खाली सही. सगळे रावांच्या टेबलाभोवती गोळा. रावांनी बोट ओलं केलं, सहीवर फिरवलं. एकदा, दोनदा. मग बोट वर करून सगळ्यांना दाखवलं. नवी शाई लागली नव्हती. "जा, कॉफी प्या," म्हणाले. आठवड्याने कळलं, यादी खरोखरच कुणीतरी बनवलेली होती. त्या दिवसापासून लोक घरून फोनवरचे फोटो आणून रावांना दाखवायचे. "सार, यात शाई आहे का?" फोनच्या काचेवर शाई कुठली असायला! राव म्हणायचे, "नाही. झोपा निवांत." आणि माणसं खरंच झोपायची. मुनियम्माला तर ते रोज सांगायचे, "खरा कागद आला की मी वाचीनच. तोवर तुझं काम तूं कर." ती म्हणायची, "तुम्ही वाचल्याशिवाय मी कशाला घाबरू, सार?"

आता पुढचं सांगताना माझाच हात अडतो.

खरा कागद आला तो संगणकावर आला. मीच छापून काढला, मीच रावांच्या टेबलावर नेऊन ठेवला. तीन पानी. कुठल्या ऑफिसात जायचं ते कळवणारा विकल्पाचा अर्ज सात दिवसांत भरायचा होता. ज्यांच्या घरी आजारी माणूस असेल त्यांनी तसं लिहिलं तर सैदापेटला जो छोटा खिडकी-विभाग उरणार होता तिथं ठेवणार. अर्ज न भरणाऱ्यांना खातं पाठवील तिथं जावं लागेल. खाली सहीच्या जागी एक ओळ: हे पत्र संगणकाने तयार केलेले आहे, सहीची आवश्यकता नाही.

रावांनी ती ओळ दोनदा वाचली. बोट ओलं केलं, कुठं फिरवावं ते कळेना, तसंच हवेत राहिलं. "सही नाही, बाई."

"तसंच असतं म्हणे आता," मी म्हटलं.

"असेल. साहेबांस करूं दे सही, मग वाचतों. उगीच लोक घाबरतील." आणि कागद सहीच्या ट्रेमध्ये ठेवला. साहेब त्याच सकाळी प्रशिक्षणाला दिल्लीला गेले होते. नऊ दिवसांनी परत यायचे होते.

ज्यांच्याकडे चांगले फोन होते त्यांना कागद फोनवर आला होता. त्यांनी घरी बसून गुपचूप अर्ज भरले. बोललं कुणी नाही. सैदापेटच्या जागा थोड्या, बोललं तर आपलीच जायची. मी त्यांना काय दोष देऊ? मी तर तो कागद अक्षरन्अक्षर वाचलेला होता. मुनियम्मा रोज अकराला माझ्या टेबलावर कॉफी ठेवत होती. मी का नाही सांगितलं तिला? विचार करून करून एकच उत्तर सापडतं: रावांनी वाचला नाही, म्हणजे अजून काही झालेलं नाही, अशी मलाही सवय झाली होती. इतकी वर्षं त्यांच्या बोटावर झोपलो आम्ही सगळे.

साहेब आले तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. राव ट्रे आणि पेन घेऊन आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात पेन होतं, टोपण लावलेलं. पुढच्या सोमवारी नेमणुका लागल्या. मुनियम्मा, ओरगडम. तिकडे कारखान्यांच्या पट्ट्यात नवं उपकार्यालय उघडलं होतं. दोन बस, जायला दोन तास, यायला दोन तास.

तिला वाचून दाखवायचं काम रावांवरच आलं. अकरा वाजता नाही, नऊलाच बोलावलं तिला. मी बाजूलाच होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सवयीने परत सांगायला लागली, "म्हणजे मी ओरगडमला जायचं..." आणि थांबली. "साडेबाराला मी कुठं असेन, सार?"

रावांनी कागदाची घडी घातली.

"तो अर्जाचा कागद तुमच्याकडे होता?"

"होता."

"मग वाचला का नाहीत?"

रावांना तीन भाषा येत होत्या. एकीतही उत्तर सापडलं नाही. तिने झाडू उचलला आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ते साहेबांकडे गेले. दार उघडंच राहिलं होतं, म्हणून ऐकू आलं. "चूक माझी अहे सार. मजला पाठवा ओरगडमला. शिक्षा द्या, लेखी द्या." घाबरले की ते साहेबाशीसुद्धा मराठी बोलायचे, मग भानावर येऊन तमिळमध्ये पुन्हा सांगायचे. साहेब तरुण होता, वाईट नव्हता. त्याचेही डोळे लाल झालेले, टेबलावर अर्धी खाल्लेली इडली. म्हणाला, "राव सार, तुमची श्रेणी वेगळी, तिची वेगळी. आणि सिस्टीम बंद झाली. मला स्वतःला कुठं टाकलंय ते मला फोनवरून कळलं." दोघं एकमेकांकडे बघत बसले. कुणी कुणाला रागवायचं तेच कळत नव्हतं.

मुनियम्माचे आमच्याकडचे अजून बारा दिवस होते. रोज अकराला तिने सगळ्यांना कॉफी दिली. रावांनाही दिली, पण त्यांच्या टेबलाशी थांबली नाही. त्या बारा दिवसांत राव उभे राहिले नाहीत. परिपत्रकांची वही त्यांनी कपाटात घालून कुलूप लावलं. बोटाचा निळा रंगही हळूहळू गेला. धुतला म्हणून नव्हे, नवा लागला नाही म्हणून. आपलंच बोट ते मध्येच अनोळख्यासारखं बघायचे.

सहा महिन्यांनी मी निवृत्त झाले, त्यानंतर वर्षभराने राव. त्यांच्या निरोप समारंभाला पेरुंगुडीच्या त्या काचेच्या इमारतीत मीही गेले होते. भाषण करा म्हटल्यावर उभे राहिले, हात जोडले, बसले.

मग एकदा दुपारी सहज त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नीने, कावेरीबाईंनी उघडलं. "हे नाहींत. ड्यूटीस गेले." मला वाटलं विसरायला लागल्या की काय. त्या हसल्या, पण डोळे हसत नव्हते. "सैदापेटला. मुनियम्माच्या घरीं. रोज साडेबाराला."

झालं होतं ते असं. मुनियम्मा ओरगडमला गेल्यावर शेजारीण भरवून बघायची, म्हातारी तोंड मिटून घ्यायची. संध्याकाळी लेक येईपर्यंत उपाशी. अंगावर कातडं तेवढं उरलं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी राव तिथं जाऊन दारात उभे राहिले. म्हातारीने विचारलं, "कोण?" ते म्हणाले, "सार." तिने तो आवाज कधी ऐकलेला नव्हता, पण नक्कल इतकी वर्षं ऐकलेली होती. तिने तोंड उघडलं.

मुनियम्मा त्यांच्याशी बोलली नाही. तेव्हाही नाही, शेवटपर्यंत नाही. पहाटे जाताना किल्ली शेजारणीकडे ठेवायची. पंधराएक दिवसांनी आईच्या भातापाशी ताकाचं एक टंबलर झाकून ठेवलेलं दिसलं. शेजारीण म्हणाली, तुमच्यासाठी. मग राव तिच्या बदलीचा अर्ज लिहून त्या टंबलरखाली ठेवायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यावर तिचा अंगठा उमटलेला असायचा. राव तो पोस्टाने पाठवायचे, उत्तर आलं नाही की दुसरा लिहायचे.

हे ऐकून मी तशीच सैदापेटला गेले. एकच खोली, दार उघडं, उंबऱ्याशी शेजारीण तांदूळ निवडत बसलेली. आत राव मांडी घालून बसले होते, पुढ्यात ताटली, पलीकडे भिंतीला टेकवून बसवलेली म्हातारी. उजव्या हाताने दहीभात भरवत होते, डाव्या हातात वर्तमानपत्र. अगदी अकराच्या आवाजात, एकेक शब्द मोकळा करून वाचत होते. कांद्याचा भाव, मेट्रोचं काम, कुठल्याशा आमदाराचं भाषण. प्रत्येक बातमी झाली की म्हातारी दोन वाक्यांत ती परत सांगायची, आणि मगच पुढचा घास.

मला बघून त्यांनी मान हलवली. मग शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. मी वाचला. अर्जदाराची विनंती विचारात घेता येत नाही, यापुढे या विषयावर पत्रव्यवहार करू नये. खाली तीच ओळ, सहीची आवश्यकता नाही. मी कागद परत दिला. म्हातारीला कळू नये म्हणून घडी हळूच घातली होती.

पण कागदाचा आवाज म्हातारीला ऐकू गेला होता.

"सार, माझ्या मुलीचा कागद आला का?"

रावांनी घास पुढे केला.

"आला ना?"

"आला, अम्मा."

"शाई आहे का त्याच्यावर?"

त्यांनी उजवा हात परातीत धुतला, पंच्याला पुसला. मग बोट जिभेला लावलं आणि त्या छापील ओळीवरून फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. उजेडाकडे धरून बघितलं. स्वच्छ होतं.

"नाही, अम्मा."

"मग तो खरा नाही," म्हातारी म्हणाली. "खिशात ठेवा." आणि तिने तोंड उघडलं.

मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. कागद खिशात गेला होता, आणि ते डोकं खाली घालून पुढचा घास कालवत होते.